डे स्किपर, व्हीएचएफ आणि आयसीसी : वरूडच्या एका संत्रावाल्याचा अनुभव

वरूड तालुक्यात आमची सात एकर संत्र्याची बाग आहे. इथून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. तरी परदेशात शिडाची बोट भाड्याने घेऊन स्वतः चालवता येईल असं कार्ड आज माझ्या पाकिटात आहे आणि ते मी वापरलंही आहे. ते मिळवायला काय लागलं, कुठे पैसे बुडाले, कुठे वसूल झाले, हे मला मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

मेव्हणा जर्मनीत नोकरीला आहे. २०१९ साली त्याने क्रोएशियात आठवडाभर बोट घेतली, तिथलाच पगारी कप्तान ठेवला आणि आम्हा नवराबायकोला बोलावलं. कप्तानाचे दिवसाला दीडशे-दोनशे युरो, वर त्याचं जेवण आणि झोपायला एक केबिन. मी सातही दिवस मागे सुकाण्याजवळ बसून होतो. पहिल्याच दिवशी त्याने शीड भरल्यावर इंजिन बंद केलं. रात्रपाळीचं पाणी देऊन झालं, मोटार बंद केली, की वावरात एकदम जे शांत होतं, तसं झालं. फक्त इथे खालची जमीन चालत होती. घरी आल्यावर बायकोला म्हटलं, पुढच्या वेळी सुकाणू माझ्या हातात. ती म्हणाली, "मंग रीतसर शिका नं. पोरीले घेऊन जायचं तं कागद पक्का पायजे."

कागदाच्या बाबतीत पहिलाच पाय चुकीचा पडला. एका संस्थेने तीन दिवस मुंबईच्या खाडीत बोटीवर फिरवलं आणि लॅमिनेट केलेलं एक कार्ड दिलं. "इंटरनॅशनल आहे, जगभर चालतं," असं तोंडी सांगितलं. चाळीस हजार घेतले. नंतर क्रोएशियातल्या बोट कंपनीला त्या कार्डाचा फोटो पाठवला तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं : आमच्या सागरी मंत्रालयाच्या यादीत हे प्रमाणपत्र नाही. क्रोएशियात कुठल्या देशाचं कोणतं प्रमाणपत्र चालतं याची सरकारी यादी असते आणि बंदर अधिकारी ती पाहूनच बोलतो. संस्थेला फोन केले, मेल केले. आधी "पाहतो" म्हणाले, मग फोन उचलणं बंद. ते तीन दिवस वाया गेले असं म्हणत नाही, विंचवर, म्हणजे दोर ताणायच्या चकरीवर, दोर कसा गुंडाळायचा ते तिथेच शिकलो. पण कार्ड विकताना जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि माझ्यासारख्या दूरच्या माणसाला ते तपासता येणार नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. याचा राग अजून आहे. तुम्ही आधी देश ठरवा, त्या देशातल्या बोट कंपनीला मेल करा, "माझ्याकडे अमुक प्रमाणपत्र असेल तर बोट द्याल का" हे लेखी घ्या आणि मगच कोर्सचे पैसे भरा.

युरोपात जे कार्ड सगळ्यात जास्त चालतं ते आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्स. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ४० क्रमांकाचा ठराव आहे, त्याखाली वेगवेगळ्या देशांच्या अधिकृत संस्था ते देतात. ब्रिटनमध्ये ते काम आरवायए, म्हणजे रॉयल यॉटिंग असोसिएशन, करते. त्यांचा डे स्किपरचा, म्हणजे दिवसाउजेडी छोटी शिडाची बोट स्वतः कप्तान होऊन चालवण्याचा, प्रॅक्टिकल कोर्स पास झालेला असेल तर आयसीसीची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. मात्र कोणाला द्यायचं यावर राष्ट्रीयत्वाचे आणि रहिवासाचे नियम आहेत. म्हणून आपल्या पासपोर्टवर मिळतं का, हा प्रश्न त्यांनाच विचारावा, बोट शिकवणाऱ्या शाळेच्या एजंटला नाही. मी विचारला, हो असं उत्तर आलं आणि मगच पुढे गेलो.

थिअरीचा कोर्स घरूनच केला, पावसाळ्यात. साधारण चाळीस तासांचा अभ्यास धरतात, मला सत्तरच्या वर लागले. पार्सलमधून खरेखुरे नकाशे येतात. त्यावरचा किनारा मात्र शिकवण्यापुरता रचलेला, खोटा देश. नकाशा आमच्या टेबलावर मावेना, म्हणून ओसरीवर सतरंजी टाकून पसरायचो आणि चारी कोपऱ्यांवर संत्री ठेवायचो. नकाशावरची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक मिळवायचा की वजा करायचा, यात मी आठवडाभर अडकलो. पण भरती-ओहोटीचा धडा मनापासून आवडला. बारांशाचा नियम म्हणून एक हिशेब आहे. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास धरायचे. एकूण जेवढं पाणी चढणार त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे ओहोटीला ०.६ मीटर आणि भरतीला ३ मीटर असेल तर २४० सेंटिमीटर पाणी चढणार : पहिल्या तासात २०, मग ४०, ६०, ६०, ४० आणि शेवटी पुन्हा २०. मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. बोटीचा तळ दोन मीटर खोल असला तर खडकावरून किती वाजता जाता येईल हे यावरून काढतात. मी हे रात्री दहाला सोडवायचो आणि पोरगी कॅलक्युलेटर न घेता माझ्या आधी उत्तर सांगायची.

प्रॅक्टिकलसाठी थायलंडमध्ये फुकेतला गेलो. कारण दोन. तिथे नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा हंगाम असतो, वारा बरा असतो. आणि आम्ही आंबिया बहार घेतो, म्हणजे तोडा आटोपला की डिसेंबरात बाग ताणावर सोडायची, पाणी पूर्ण बंद. कास्तकाराला घराबाहेर पडायला वर्षात तेवढाच काळ सापडतो. दादा म्हणाला, "ताण मोडायच्या आत ये, मंग जे कराचं ते कर."

डे स्किपरला बसण्याआधी बोटीवरचे पाच दिवस, १०० सागरी मैल आणि रात्रीचे चार तास एवढा अनुभव असावा अशी अपेक्षा असते. माझी २०१९ ची सहल शाळेने विचारात घेतली, पण सरळ सांगितलं की तुम्ही प्रवासी होता. आधी पाच दिवसांचा कॉम्पिटंट क्रू, म्हणजे बोटीवरच्या हाताखालच्या माणसाचा कोर्स, करा, मग पाच दिवसांचा डे स्किपर. पैसे वाढले. तरी शाळेचं म्हणणं बरोबर होतं. दोन्ही कोर्स, विमान, राहणं सगळं धरून पावणेतीन लाख लागले. झोपणं, स्वयंपाक सगळं बोटीवरच. तिसऱ्या दिवशीपर्यंत मला अवोमिनची गोळी घ्यावी लागली, नंतर नाही.

आता जे खरं शिकलो ते. पाण्यात पडलेल्या माणसाला परत घ्यायची कवायत. एका फेंडरला, म्हणजे बोट घासू नये म्हणून बाजूला लावतात त्या फुग्याला, बादली बांधायची आणि न सांगता पाण्यात फेकायची. ज्याने पाहिलं त्याने "मॅन ओव्हरबोर्ड" ओरडायचं आणि हाताचं बोट त्या बादलीकडे रोखून उभं राहायचं, नजर हलवायची नाही, बाकी कुठल्या कामाला हात लावायचा नाही. दोन मिनिटं नजर हलली तर लाटांमध्ये डोकं पुन्हा सापडत नाही. आता सुकाण्यावरच्या माणसाने बोट वळवून अशा कोनात आणायची की वारा समोरून, पण थोडा एका बाजूने येईल. मोठ्या शिडाचा दोर सैल सोडला की शीड फडफडलं पाहिजे आणि बोटीचा जोर गेला पाहिजे. ओढला की जोर परत. असं सोडत-ओढत शेवटी बोट बादलीशेजारी जवळजवळ थांबली पाहिजे. मी पहिल्या तीन वेळा नापास. एकदा बादलीच्या वरून गेलो, दोनदा वीस फूट लांबून निघून गेलो. इन्स्ट्रक्टर दक्षिण आफ्रिकेचे, पन्नाशीचे. ते फक्त "अगेन" म्हणत.

चौथ्या वेळी मी वर लावलेला वाऱ्याचा काटा पाहणं सोडलं आणि मान वळवून वारा दोन्ही कानांवर सारखा येतो का ते पाहिलं. बागेत फवारणी करताना मी वीस वर्षं हेच करत आलो. औषध अंगावर येऊ नये म्हणून वारा कुठून आहे हे आमच्या मानेला आधी कळतं, डोक्याला नंतर. दोर सोडला, शीड फडफडलं, बोट हळू झाली आणि बादली बाजूला येऊन लागली. हुकने उचलताना हात थरथरत होता. त्या पाच दिवसांत मी ते चौदा वेळा केलं. नुसत्या या एका कवायतीसाठी मी या शाळेला पाचपैकी पाच देईन.

रात्रीचे तास फांग न्गा उपसागरात झाले. नियम पाठ होते : बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्याला हिरवा, मागे पांढरा. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती बोट सरळ आपल्यावर येत आहे. पण तिथे माकूळ धरणाऱ्या मच्छीमार बोटी हिरवे झगझगीत दिवे पाण्यावर टाकून उभ्या असतात, क्षितिजावर अर्धं आकाश हिरवं दिसतं. त्यात एक छोटा हिरवा दिवा चालतो आहे हे ओळखायला शिकणं, हे पुस्तकात नव्हतं.

शाळेत दोन गोष्टी कमी पडल्या. एका बोटीवर आम्ही पाच शिकाऊ होतो. नियमात तेवढे चालतात, पण सुकाणू हातात यायला वाट पाहावी लागते. तीनच शिकाऊ घेणारी शाळा मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या. दुसरं, आम्ही बहुतेक नांगर टाकून किंवा बोयाला, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या गोळ्याला, बांधून राहिलो. भूमध्य समुद्रात बोट मागे घेत धक्क्याला शेपटी लावून बांधतात. ते आम्ही एकदाच केलं, तेही वारा पडलेला असताना. याची किंमत पुढे मोजली.

व्हीएचएफ, म्हणजे बोटीवरून बोलायच्या, रेडिओचा परवाना वेगळा काढावा लागतो. शॉर्ट रेंज सर्टिफिकेट म्हणतात. अभ्यास ऑनलाइन, परीक्षा मात्र समोर बसून. तीही तिथेच देऊन टाकली. क्रोएशियात याच्याशिवाय बोट देत नाहीत, आणि हे पुष्कळ जणांना विमानाचं तिकीट काढल्यावर कळतं. लाल झाकणाखालचं बटण दाबून धरलं की चॅनल ७० वर संकटाचा डिजिटल संदेश जातो. मग चॅनल १६ वर आवाजाने सांगायचं : मेडे तीनदा, बोटीचं नाव तीनदा, आपण कुठे आहोत, काय झालं, कसली मदत हवी, बोटीवर किती माणसं. घाबरलेला माणूस नेमकं ठिकाण सांगायचं विसरतो, म्हणून क्रम हाडीमाशी खिळवून घेतात.

आयसीसीचा अर्ज घरी येऊन केला. इथे एक बारीक गोष्ट, जी मला महिनाभर नडली. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आपण सर्रास लिहितो. पासपोर्टवर एका रकान्यात नाव आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. शाळेच्या प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव गळालं होतं. ते दुरुस्त होऊन येईपर्यंत अर्ज पुढे सरकला नाही. कोर्सच्या पहिल्या दिवशी नाव लिहून घेतील तेव्हाच पासपोर्ट पुढे करा. कार्ड पोस्टाने आलं. पोस्टमनने बाजाराच्या दिवशी फोन केला, "भाऊ, विलायतचं पाकीट आलं तुमचं, सही लागते." मी मिरच्यांची पिशवी तिथेच दुकानदाराकडे ठेवून गेलो.

कार्डावर रकाने असतात. शीड आणि मोटार वेगळे, मोटारीत दहा मीटरच्या आतली आणि वरची वेगळी, किनाऱ्याचा समुद्र आणि आतले कालवे-नद्या वेगळे. माझ्या कार्डावर किनारा आणि शीड आहे. फ्रान्सच्या कालव्यांत बोट न्यायची तर सेवनी नावाची नियमांची परीक्षा आणखी द्यावी लागते. मी दिलेली नाही.

मग पोळा-महालक्ष्म्या आटोपल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, आम्ही सहा जण क्रोएशियाला गेलो. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरो, त्यामुळे एकाच व्हिसावर जर्मनीमार्गे जाता आलं. स्प्लिटजवळच्या तळावर शनिवारी संध्याकाळी बोट ताब्यात मिळते, शुक्रवारी संध्याकाळी परत आणायची. काउंटरवरच्या बाईंनी आयसीसी, व्हीएचएफ आणि पासपोर्ट तिन्ही शेजारी ठेवले, नावावरून पेन फिरवला, मुदतीच्या तारखेवर थांबल्या, मग किल्ली दिली. मला आमच्या बँकेतल्या पीककर्जाच्या टेबलाची आठवण झाली. एवढ्या कागदांमागे पडलो ते या अर्ध्या मिनिटासाठी, असं वाटून गेलं.

चौथ्या दिवशी विस बेटावर पोचलो. युगोस्लाव्हियाच्या काळात हे बेट लष्कराचं होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला तिथे पाय ठेवता येत नव्हता. धक्क्यावर दोन बोटींच्या मध्ये एक जागा होती, वारा आडवा. बोट मागे घ्यायला लागलो तर नाक वाऱ्याने फेकलं गेलं. सोडून दिलं, पुन्हा वळसा घेऊन आलो. दुसऱ्यांदाही तेच. शेजारच्या बोटीवरची माणसं फेंडर हातात घेऊन उभी राहिली. तेव्हा मला ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना आपण काय करतो ते आठवलं. आधी लांबूनच रेषेत घ्यायचं, हळू पण न थांबता. थांबलं की ट्रॉली मुडपते. बोटीचंही तसंच, मागे जाणाऱ्या बोटीला थोडा वेग असल्याशिवाय सुकाणू धरत नाही. तिसऱ्यांदा बरंच लांबून वेग घेऊन मागे आलो. बायकोने वाऱ्याकडचा मागचा दोर आधी फेकला, तोच आधी लागतो. मेव्हण्याने पाण्यातून शेवाळलेला दोर उचलून पुढे नाकापर्यंत नेऊन बांधला. पोरगी फेंडर घेऊन मध्ये होती. ती म्हणाली, "बाबा, एक हात जागा उरली." बोटीला ओरखडा नाही, दोन हजार युरोची अनामत पूर्ण परत मिळाली.

त्याच रात्री रेडिओवरच्या अंदाजात जुगो सांगितला. हा आग्नेयेकडचा वारा, ढग आणि मोठ्या लाटा घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी ह्वार बेटावर जायचं ठरलं होतं. मी दोर सोडले नाहीत, आम्ही दिवसभर विसमध्येच राहिलो. मेव्हण्याचं तोंड उतरलं होतं, पण पगारी कप्तान नव्हता, निर्णय माझा होता. दुपारी बंदराच्या तोंडाशी लाटा पाहिल्यावर तोही काही बोलला नाही.

कार्ड टिकवण्याचं आता. डे स्किपरच्या प्रमाणपत्राला मुदत नाही, व्हीएचएफलाही नाही. आयसीसीला पाच वर्षांची मुदत आहे. ती संपण्याआधी नूतनीकरण करायचं, पुन्हा परीक्षा देत नाहीत. पण बोटीच्या आठवड्यात कार्डाची मुदत संपत असेल तर कंपनी अडवू शकते आणि विम्याचाही प्रश्न उभा राहतो. म्हणून मी तारीख घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा महिने आधीच्या पानावर लिहून ठेवली आहे, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी. लॉगबुकही नीट ठेवा : तारीख, बोटीची लांबी, मैल, रात्रीचे तास, कप्तान कोण. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समध्ये कंपन्या कार्डापेक्षा हा अनुभवाचा हिशेबच मागतात. तिथे बंदराची वाट दाखवणाऱ्या बोयांचे रंगही उलटे, बंदरात शिरताना लाल उजवीकडे. आपल्याकडे आणि युरोपात लाल डावीकडे.

हात मात्र मुदतीत गंजतो, हे मला दुसऱ्याच वर्षी कळलं. बारा महिने बोटीवर पाय नव्हता आणि बोलाइनची गाठ बांधायला दोनदा विचार करावा लागला. तेव्हापासून विहिरीतल्या सबमर्सिबल मोटारीच्या दोराचा जुना तुकडा ओसरीच्या खांबाला बांधून ठेवला आहे. येता-जाता एका हाताने बोलाइन, डोळे मिटून क्लोव्ह हिच. सालगडी आता माझ्यापेक्षा लवकर बांधतो आणि बंडीवर कडबा आवळायला तीच गाठ वापरतो. वर्षातून एकदा तीन दिवस मुंबईला जाऊन भाड्याच्या बोटीवर शिकवणारा सोबत घेऊन फिरतो. ऑक्टोबर ते मे तिथला हंगाम, पावसाळ्यात बंद. भरती-ओहोटीचा सराव मुंबईइतका क्रोएशियात होत नाही, तिथे पाणी फूटभर चढतं-उतरतं. गेल्या खेपेला खांदेरीपर्यंत गेलो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या बेटावर तट चढवला, त्याच्या खालून शीड भरून जाताना मी सुकाणू कोणाला दिलं नाही.

गुण द्यायचेच तर : थिअरीला चार, कारण शंका विचारली की उत्तर यायला तीन-तीन दिवस लागले. फुकेतच्या शाळेला साडेचार. व्हीएचएफला पाच. आयसीसीच्या अर्जाला साडेतीन, नावाच्या घोळामुळे. त्या पहिल्या लॅमिनेट कार्डाला शून्य.

या डिसेंबरात बाग ताणावर गेली की पोरीला मुंबईला घेऊन जातो आहे. तिला सोळावं लागलं आहे, हा तिचा पहिला कोर्स. लॉगबुक आणून ठेवली आहे, आतली पानं कोरी आहेत. पहिल्या पानावर नाव मात्र तिने लिहून टाकलं आहे, पासपोर्ट समोर धरून, एकेक अक्षर जुळवत.